एसएसडी पुसण्याआधी एवढं बघ

एसएसडी (कॉम्प्युटरची फ्लॅश मेमरीवाली डिस्क) त्रास देत असेल आणि ती पुसून विंडोज पुन्हा टाकायचं असेल, तर आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढून घे, बाकी सगळं नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची ठेवतो ती नोंद) आकडे बघ. साटा ड्राइव्हवर (सहसा केबलने जोडलेला) फक्त सीआरसी एरर (डेटाची ने-आण करतानाच्या चुका) वाढत असतील तर दोष बहुधा केबलचा. ती बदलून बघ, कदाचित पुसायची वेळच येणार नाही. एनव्हीएमईवर (थेट मदरबोर्डवर बसणारा ड्राइव्ह) 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' (साठवलेला डेटाच खराब निघाल्याचा आकडा) शून्याच्या वर चढत असेल, तर त्या ड्राइव्हचा भरवसा संपला.

पुसताना अख्ख्या ड्राइव्हवर शून्यं लिहीत बसू नकोस. मरायला टेकलेल्या फ्लॅशची त्यात आणखी झीज होते आणि राखीव ब्लॉक (ड्राइव्हने स्वतःसाठी बाजूला ठेवलेली जागा) तरीही न पुसता सुटतात. बायोसमधलं (कॉम्प्युटर सुरू होतानाची सेटिंग्ज) किंवा ड्राइव्हच्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज (ड्राइव्हला स्वतःलाच सगळं पुसायला लावणारी आज्ञा) वापर. 'फ्रोझन' (पुसायची आज्ञा अडवलेली आहे) असं आलं तर लॅपटॉप एकदा स्लीपमध्ये टाकून उठव, बहुतेक वेळा सुटतं.

विंडोज इन्स्टॉल करायला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि तोही पूर्ण पुसला जातो हं! बाकीच्या डिस्क काढून ठेव, इन्स्टॉलरमध्ये जुनी पार्टिशन्स उडव, मोकळ्या जागेवर नेक्स्ट दाब.

पुसूनही रीस्टार्टनंतर जुन्याच फाइल्स दिसल्या तर ड्राइव्ह रीड-ओन्ली झालाय, म्हणजे फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. तिथे इन्स्टॉल होणारच नाही, नवा घे.