धातूचे साठे कसे तयार होतात यावर संशोधन करायचंय, तर एमएस्सीनंतर थेट पीएचडीला जावं की आधी नोकरी करावी?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की जिऑलॉजीची एमएस्सी संपत आलीये, ओर डिपॉझिट्सवरच (म्हणजे धातूंच्या साठ्यांवरच) काम करायचंय, पण सगळे सांगतायत की नोकरीत अडकलात तर परत अभ्यासाकडे येणं होत नाही. माझं मत उलटं आहे. आधी नोकरी करा, आणि तीही ऑफिसातली नाही, ड्रिलिंग चालू असलेल्या साइटवरची, जिथे दिवसभर कोअर शेडमध्ये, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या (कोअर) ठेवतात त्या शेडमध्ये, उभं राहावं लागतं. वर्ष-दोन वर्षं पुरेत. मी त्याच वाटेने आले, आधी एका एक्सप्लोरेशन (खनिजं शोधणाऱ्या) कंपनीत ज्युनिअर, मग पीएचडी, आता पोर्फिरी तांब्याच्या साठ्यांवर (थंड होणाऱ्या मॅग्माभोवती बनलेल्या मोठ्या साठ्यांवर) पोस्टडॉक करतेय, त्यामुळे थोडं पक्षपाती उत्तर आहे हे धरून चाला.

आधी हे संशोधन नक्की कशाचं असतं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की आम्ही तांबं-सोनं शोधत फिरतो. तांबं तसं सगळीकडेच आहे हो. पृथ्वीच्या कवचातल्या साध्या दगडात टनामागे सरासरी तीसेक ग्रॅम तांबं असतं, त्याला कोण विचारत नाही. मोठ्या पोर्फिरी खाणी मात्र टनामागे चार-पाच किलोवर चालतात, म्हणजे निसर्गाने कुठेतरी दीडशे पट वगैरे गोळा करून ठेवलंय. सोन्याचं तर विचारूच नका, साध्या दगडात टनाला एक-दीड मिलिग्रॅम आणि खाणीत एक ते पाच ग्रॅम, हजार पटीच्या वर. तर हे गोळा कुणी केलं, कुठून आणलं, आणि सगळी जागा सोडून इथेच का टाकलं, एवढाच आमचा प्रश्न. बहुतेक वेळा उत्तरात गरम खारट पाणी असतं. एक प्लेट दुसरीखाली सरकते, तिथे पाणीदार मॅग्मा तयार होतो, तो वर येऊन काही किलोमीटर खोलीवर थंड व्हायला लागला की त्यातून पाणी सुटतं, त्या पाण्यातलं क्लोरीन तांब्याला धरून ठेवतं, आणि तापमान ४०० अंशांच्या आसपास आणि खाली घसरलं की तांबं गंधकाबरोबर चाल्कोपायराइट (तांबं, लोह आणि गंधकाचं खनिज) होऊन भेगांमध्ये बसतं. वाचायला चार ओळी आहेत, पण यातल्या प्रत्येक पायरीवर भांडणं चालू आहेत.

आता कोअर शेड का म्हणते ते. साडेसहा सेंटिमीटर जाडीच्या दगडाच्या कांड्या बॉक्समध्ये ओळीने लावलेल्या असतात, तुम्ही त्यावर पाणी मारता, हँड लेन्स डोळ्याला लावता, एका हातात चुंबकाची पेन्सिल, आणि मीटरमागून मीटर लिहीत जाता. पहिले काही आठवडे सगळं करडंच दिसतं. मग हळूहळू शिरा, म्हणजे खनिजांनी भरलेल्या भेगा, दिसायला लागतात. १९७५ मध्ये गुस्ताफसन आणि हंट यांनी चिलीतल्या एल साल्वादोर खाणीवर जो पेपर लिहिला त्यातली ए, बी, डी शिरांची विभागणी आजही जगभर लोक वापरतात. ए शिरा वाकड्यातिकड्या, दाणेदार क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या), दगड अजून गरम असताना आलेल्या. बी शिरा सरळ, आणि बऱ्याचदा मधोमध किंवा कडेला मॉलिब्डेनाइटची (मॉलिब्डेनम धातूच्या खनिजाची) शिसपेन्सिलीसारखी चकाकती रेघ. डी शिरा पायराइटच्या (लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या), दोन्ही बाजूंना दगड पांढुरका पडलेला, आणि त्या बाकी सगळ्यांना कापत जातात. डांबरी रस्त्यावर पाइपसाठी खोदलेला चर दिसला की आधी रस्ता, मग चर हे कुणालाही कळतं, लॉजिक तेवढंच आहे, फक्त इथे एका तळहाताएवढ्या तुकड्यात पाच-सहा चर एकमेकांना कापत असतात आणि त्यातले दोन परत उघडून पुन्हा भरलेले असतात.

आणि माझ्या मते आमच्या विषयातली सगळी गंमत या "आधी काय, नंतर काय" मध्येच आहे. मशिनं त्यानंतर येतात. मॉलिब्डेनाइटचं वय रेनियम-ऑस्मियमने (किरणोत्सारी रेनियमचं किती ऑस्मियम झालं ते मोजून) काढता येतं, फार छान पद्धत आहे, पण तो मॉलिब्डेनाइट कुठल्या शिरेतला होता आणि ती शीर तांब्याच्या आधीची की नंतरची हे नमुना घेताना बघितलं नसेल तर लॅबमधून आलेला आकडा कशाचं वय आहे हे कुणीच सांगू शकत नाही. मी असे डेटासेट पाहिलेत, आकडे अप्रतिम, आणि नमुन्याच्या वर्णनात फक्त "क्वार्ट्झ शीर". काय करायचं त्याचं?

फ्लुइड इन्क्लुजनचंही तेच. क्वार्ट्झ वाढत असताना त्या वेळचं पाणी बारीक थेंबांत अडकतं, थेंब साधारण पाच ते वीस मायक्रॉनचे. हेन्री सॉर्बीने १८५८ मध्येच यावर लिहिलं होतं, मायक्रोस्कोपखाली दगड बघणं हीच तेव्हा लोकांना थट्टा वाटायची. आपण काय करतो, पातळ चकती एका छोट्या स्टेजवर ठेवतो, आधी गोठवतो, मग अगदी सावकाश गरम करत शेवटचा बर्फाचा कण कधी वितळतो ते बघतो, त्यावरून खारटपणा कळतो. मग गरम करत जातो. थेंबातला बुडबुडा आकसत जातो, थरथरतो, एका कोपऱ्यात पळतो आणि एका क्षणी नाहीसा होतो, तो आकडा म्हणजे पाणी अडकलं तेव्हाचं कमीत कमी तापमान. पहिल्यांदा बघाल तेव्हा श्वास रोखून बघाल, गॅरंटी. पण तो थेंब क्वार्ट्झ वाढतानाच अडकला की नंतर पडलेल्या आणि भरून आलेल्या भेगेतला आहे, हे नाही ठरवलं तर आकडा फुकट. शिवाय एकाच शिरेत क्वार्ट्झच्या दोन-तीन पिढ्या असतात. साध्या प्रकाशात सगळं एकसारखं पांढरं दिसतं, कॅथोडोल्युमिनेसन्समध्ये (इलेक्ट्रॉनचा मारा केल्यावर निघणाऱ्या प्रकाशात) मात्र थर वेगळे होतात. अमेरिकेत युटामधल्या बिंगम कॅन्यन या तांब्याच्या खाणीवर असंच दिसलं की शिरेतला बराचसा क्वार्ट्झ आधीचा आहे आणि तांबं नंतर, कमी तापमानाला येऊन बसलंय. म्हणजे शेजारी शेजारी आहेत म्हणून एकाच वेळचे, असं धरून चालत नाही.

(हे सगळं चालू असताना प्रत्यक्ष बघायचं असेल तर समुद्रतळाशी. १९७९ मध्ये ॲल्विन पाणबुडीतल्या लोकांना पूर्व पॅसिफिकमध्ये काळं पाणी ओकणारी दगडी धुराडी दिसली, तापमान मोजायला घातलेल्या प्रोबची प्लॅस्टिकची दांडीच वितळायला लागली. नंतर नीट मोजलं तर साडेतीनशे अंशांच्या वर. तांबं-जस्ताचा साठा डोळ्यांदेखत बनतोय!)

आता तुमच्या भीतीबद्दल. नोकरीतून परत येणारे खूप आहेत, आणि बरेच गाइड असे विद्यार्थी आवडीने घेतात कारण त्यांना कोअर लॉग करायला शिकवावं लागत नाही. खरा धोका वेगळा आहे, धातूंचे भाव पडले की एक्सप्लोरेशनचं बजेट सगळ्यात आधी कापलं जातं आणि त्यात ज्युनिअर लोक पहिले जातात. आमचा कॅम्प असाच एका मीटिंगनंतर बंद झाला. त्यामुळे नोकरी लागली म्हणून इंग्रजी लिखाण, जीआयएस (संगणकावरचे नकाशे), थोडं पायथन प्रोग्रॅमिंग हे सोडू नका, आणि थर्मोडायनॅमिक्स तर अजिबातच नाही, ती नंतर शिकू म्हणणारे कधी शिकत नाहीत.

पीएचडी निवडताना मशिनांची यादी बघून भुलू नका, खनिजातले घटक मोजणारं लेझर हल्ली खूप ठिकाणी आहे. गाइड स्वतः फील्डवर येतो का आणि कोअरला हात लावायला मिळणार आहे का, हे विचारा. ऑस्ट्रेलियात टास्मानियातलं कोड्स आणि कॅनडात व्हँकुव्हरचं एमडीआरयू ही विद्यापीठांतली संशोधन केंद्रं, अमेरिकेतलं कोलोराडो स्कूल ऑफ माइन्स, अशा ठिकाणी कंपन्यांशी जुने संबंध असल्यामुळे ते सोपं जातं, पण एवढीच ठिकाणं आहेत असं नाही. कंपनीचा पैसा असेल तर डेटा किती काळ गुप्त ठेवायचा आणि पेपर छापायला परवानगी कोण देणार हे सुरुवातीलाच लेखी घ्या, तोंडी आश्वासन देणारा माणूस सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीत असतो. सोसायटी ऑफ इकॉनॉमिक जिऑलॉजिस्ट्सचं विद्यार्थी सदस्यत्व आत्ताच घेऊन टाका, ते फील्डवर्कसाठी छोट्या ग्रँट देतात आणि त्यांच्या जर्नलचे जुने अंक चाळले तरी एमएस्सीच्या दोन सेमिस्टरइतकं शिकायला मिळतं.

गाइडला मेल करताना मार्कशीटच्या आधी एका शिरांच्या तुकड्याचं हाताने काढलेलं स्केच जोडा, कोण कुणाला कापतंय ते बाण करून दाखवलेलं, स्केल टाकून. कंपनीचा दगड असेल तर तेवढी परवानगी घ्या, नाहीतर कॉलेजच्या म्युझियममधला कुठलाही चालेल. उत्तर येतं अशा मेलला.