पोलंडमधील सुरुवातीचा टेक्स्ट अॅडव्हेंचर खेळ कोणता, आणि त्याचे एवढे महत्त्व का?

तुम्ही विचारलेला खेळ बहुधा ‘पुश्का पांडोरी’, म्हणजे ‘पँडोराची पेटी’, हा असावा. मार्चिन बोर्कोव्स्की यांनी तो झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी लिहिला. १९८६ सालच्या या खेळाची नोंद पोलंडमध्ये विक्रीस आलेला पहिला पोलिश संगणक खेळ अशी घेतली जाते. बोर्कोव्स्की पुढे ‘बायतेक’ आणि ‘टॉप सीक्रेट’ या नियतकालिकांतील लेखनामुळे ओळखले गेले.

त्या काळी पोलंडमध्ये परदेशी खेळांच्या कॅसेट-प्रती बाजारात उघडपणे विकल्या जात, कारण संगणक प्रणालींना स्पष्ट संरक्षण देणारा कायदा १९९४ मध्ये आला. गोळ्या चुकवण्याचा खेळ भाषेवाचून खेळता येतो. परंतु टेक्स्ट अॅडव्हेंचर, म्हणजे ज्या खेळात खोलीचे वर्णन वाचून आज्ञा टाइप करायची असते, तो इंग्रजी न येणाऱ्या मुलाला बंद दारासारखाच होता. हे दार स्वभाषेत उघडले गेले, याचे मोल मला फार वाटते.

पोलिशमध्ये असा खेळ लिहिणे सोपे नव्हते. स्पेक्ट्रमच्या अक्षरसंचात पोलिशची नऊ खास अक्षरे नव्हती. प्रोग्रामरला स्वतः रेखाटण्यासाठी २१ चिन्हांची जागा मिळे, आणि लहान-मोठी मिळून १८ अक्षरे तिच्यात जेमतेम मावत. तीही ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या चौकटीत, जिथे अक्षराच्या शेपटीसाठी तळाची एकच ओळ उरते.

त्याहून अवघड प्रश्न विभक्तीचा, आणि तो मराठी माणसाला चटकन कळेल. ‘दिवा’ हा शब्द ‘दिव्याने’ होताना आतून बदलतो, तसेच पोलिशमध्येही होते. किल्ली म्हणजे ‘क्लुच’ आणि किल्लीने म्हणजे ‘क्लुचेम’. टाइप केलेल्या शब्दाची पहिली काही अक्षरेच तपासण्याची त्या काळची पद्धत इथे निभावून जाते. पण कुत्रा म्हणजे ‘प्येस’ आणि कुत्र्याला म्हणजे ‘प्सा’, तेव्हा ती कोलमडते. अशा वेळी दोन्ही रूपे शब्दसूचीत वेगवेगळी घालावी लागतात, आणि ४८ केबी स्मृतीच्या यंत्रात प्रत्येक जादा शब्दाची किंमत मोजावी लागते.

तुम्हाला असे खेळ स्वतः खेळून पाहायचे असतील, तर आधी ‘वेश’ म्हणजे घे, ‘ओत्फुश’ म्हणजे उघड, अशी दहाएक आज्ञार्थी क्रियापदे पाठ करा आणि नकाशा काढायला चौकटींचा कागद जवळ ठेवा.