इटालियनमध्ये सापेरे कुठे आणि कोनोशेरे कुठे? सारख्या अर्थाची क्रियापदं कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅप सापेरे आणि कोनोशेरे दोन्हीचा अर्थ इंग्रजीत ‘नो’ (know) दाखवतं, पार्तीरे, उशीरे, लाशारे तिन्हींचा ‘लीव्ह’, मग वाक्यात कुठलं घालायचं तेच समजत नाही. मी तोरिनोत राहते, ऑफिसात दिवसभर इटालियनच बोलावं लागतं, आणि मला अगदी मनापासून वाटतं की हा घोळ मधे इंग्रजी घातल्यामुळे होतो. मराठीतून थेट इटालियनमध्ये जा, बरंच काम तिथंच होतं.

कोनोशेरे म्हणजे ओळख असणं. माणूस, गाव, हॉटेल, गाणं, म्हणजे त्याच्यापुढे नेहमी नाम येणार. ‘कोनोस्को मार्को’, मी मार्कोला ओळखते. सापेरे म्हणजे माहिती असणं, त्याच्यापुढे ‘की’, ‘कुठे’, ‘कधी’ असं काहीही जोडता येतं: ‘सो दोवे आबिता’, तो कुठे राहतो ते मला माहितीये. फक्त एक सांभाळा, आपण ‘मला रोम चांगलं माहितीये’ असंही म्हणतो, तिथे मात्र कोनोशेरेच. आणि एखादी कविता नुसती ओळखीची असेल तर ‘कोनोस्को’, तोंडपाठ असेल तर ‘सो आ मेमोरिया’.

खरी मजा भूतकाळात आहे आणि इथे मराठी माणसाला अक्षरशः फुकटात मिळतं. ‘सापेवो’ म्हणजे मला माहीत होतं, पण ‘ओ सापूतो’ म्हणजे मला कळलं. तसंच ‘कोनोशेवो मार्को’ म्हणजे मार्कोला मी ओळखत होते आणि ‘ओ कोनोशूतो मार्को आ मिलानो’ म्हणजे मार्कोशी माझी ओळख मिलानोत झाली. इंग्रजीत यासाठी ‘फाउंड आउट’, ‘मेट’ अशी वेगळी क्रियापदं आणावी लागतात म्हणून पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात, आपल्याकडे ‘कळलं’ आणि ‘ओळख झाली’ तयारच आहेत.

पोहण्याचं उदाहरण तर पाठच करून ठेवा. ‘नोन सो नुओतारे’, मला पोहता येत नाही, शिकलेच नाहीये. ‘नोन पोस्सो नुओतारे’, पोहता येतं पण आज कान दुखतोय म्हणून किंवा मनाई आहे म्हणून जमणार नाही. आणि ‘नोन रिएस्को आ नुओतारे’ म्हणजे प्रयत्न करतेय पण होत नाहीये, लाटा जास्त आहेत, दमले, काहीही. इथे ‘आ’ विसरायचा नाही.

‘लीव्ह’वाली तिन्ही पटकन सांगते. उशीरे म्हणजे बाहेर पडणं, घरातून, ऑफिसातून. पार्तीरे म्हणजे प्रवासाला निघणं, ट्रेन सुटते तीसुद्धा पार्तेच. लाशारेला कर्म लागतंच, काहीतरी सोडायचं किंवा ठेवायचं: ‘ओ लाशातो ले कियावी आ काझा’, किल्ल्या घरी राहिल्या. आणि पार्टीतून वगैरे ‘निघते मी आता’ म्हणायचं असेल तर ‘मे ने वादो’, ते यातलं कुठलंच नाही.

आता जिथे मराठी दगा देते ते पोर्तारे. आपण आणणं आणि नेणं कटाक्षाने वेगळं ठेवतो, इटालियनमध्ये दोन्हीला एकच. वेटरला ‘मी पोर्ता इल कोंतो?’ म्हणजे बिल आणता का, आणि ‘पोर्तो फुओरी इल काने’ म्हणजे कुत्र्याला बाहेर नेते, शिवाय चष्मा लावते म्हणायलाही ‘पोर्तो ल्यी ओक्क्याली’. वस्तू कुणाकडे चाललीये ते ‘मी’ (मला), ‘ती’ (तुला) असल्या छोट्या सर्वनामांवरून ओळखायचं, क्रियापद काही सांगत नाही. अडलं तर त्रेक्कानीचा शब्दकोश ऑनलाइन फुकट बघता येतो, त्यातली उदाहरणाची वाक्यं वाचा, अ‍ॅपच्या एका शब्दाच्या अर्थापेक्षा ती कितीतरी जास्त उपयोगी पडतात.