चोरीला गेलेली चावी ‘गहाळ’ म्हणून लिहून देऊ नका

प्रश्न : आम्ही लिव्ह-लायसन्सवर घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतो. दोन दिवस बाहेरगावी असताना मुख्य दाराचा कडीकोयंडा तोडून चोरी झाली. दागिने आणि लॅपटॉप गेले, शिवाय ड्रॉवरमधला जुडगाही गेला. त्यात कारची दुसरी चावी आणि दाराच्या लॅचची जादा चावी होती. गाडीचं नोंदणीपत्र म्हणजे आरसीही त्याच ड्रॉवरमध्ये होती. कार पार्किंगमध्ये जागेवर आहे. पोलिसांनी चोरीचा अर्ज घेतला, पण चाव्या आणि आरसीसाठी ‘गहाळ’चा ऑनलाइन दाखला काढा म्हणाले. घरमालक म्हणतात, दार माझं आहे, लॉक बदलायचं नाही. विमा एजंट सांगतो, गाडी शाबूत आहे तर कंपनीला चावीचं कळवून नसती भानगड कशाला? आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर : तिघांचेही सल्ले तुमच्या अंगाशी येऊ शकतात. दागिने-लॅपटॉपचं नुकसान होऊन गेलं. चावी मात्र चोराकडे आहे तोवर पुढच्या चोरीची वाट मोकळी आहे. ती चोरी झाली, तर ‘चावी गेल्याचं माहीत होतं, मग तुम्ही काय केलंत?’ हे विमा कंपनी तुम्हालाच विचारणार. त्याचं उत्तर आजच्या तारखेच्या कागदांत असायला हवं.

आधी पोलिसांकडचं काम. तुमच्या हातातला कागद बघा. त्यावर गु. र. नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि कलमं असतील तर तो एफआयआर. नुसता आवक क्रमांक आणि शिक्का असेल तर तो तक्रार अर्ज, आणि तो विमा कंपनी किंवा आरटीओपुढे फार काळ टिकत नाही. चोरीसाठी केलेली घरफोडी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ खाली येते. दिवसा केली तर दहा वर्षांपर्यंत आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत केली तर चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच्या जोडीला राहत्या घरातल्या चोरीचं कलम ३०५ लागतं. गुन्हा दखलपात्र आहे, आणि अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ सालच्या ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा आहे, हे खरं. पण ती तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. ‘आधी चौकशी करू, मग बघू’ हे उत्तर घरफोडीत चालत नाही.

पोलीस ठाण्याने तरीही टाळाटाळ केली, तर कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना (आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना) लेखी, पोस्टाने पाठवा. पोच जपून ठेवा, कारण त्यापुढची पायरी म्हणजे दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) चा अर्ज, आणि तिथे ही पोच आणि प्रतिज्ञापत्र लागतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

आता ‘गहाळ’ दाखल्याबद्दल. तो काढू नका. गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवलं. उद्या गाडी गेली की त्याच दाखल्याच्या आधारे विमा कंपनी म्हणेल, चावी तुमच्या निष्काळजीपणाने हरवली आणि तसं तुम्हीच लिहून दिलंय. एका घटनेचे दोन कागद आणि दोन्हींत वेगळी हकीकत, हे कोर्टात फार महागात पडतं. दाखला काढून झाला असेल तर पुरवणी जबाबात (पोलिसांकडे नंतर नोंदवलेल्या जादा जबाबात) त्याचा उल्लेख करून खुलासा द्या. एफआयआरमध्ये चावी राहून गेली असेल तरी मार्ग पुरवणी जबाबाचाच. त्यात साधारण असा मजकूर असावा :

‘सदर घरफोडीत माझ्या … क्रमांकाच्या कारच्या दोन मूळ चाव्यांपैकी एक रिमोट चावी, राहत्या घराच्या मुख्य दाराच्या लॅचची एक चावी आणि कारची आरसी चोरीस गेली आहे. कारची दुसरी मूळ चावी माझ्या ताब्यात आहे. आज दि. … रोजी … वाजता कार पार्किंगमध्ये उभी आहे. चोरीस गेलेल्या चाव्यांचा गैरवापर होण्याची मला भीती आहे.’

‘दोनपैकी एक’ हे शब्द गाळू नका. कार चोरीच्या दाव्यात कंपनी सगळ्यात आधी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच हजर केली की ‘गाडी चावी लावून उघडी ठेवली होती’ इथपासून ‘गाडी परस्पर विकली’ इथपर्यंत शंका काढल्या जातात. बाजारातली नक्कल करून ‘दुसरी चावी’ म्हणून देणारे लोक असतात. कंपन्या चाव्या तपासून घेतात, आणि मग खरा दावाही खोटा ठरतो.

म्हणून एजंटचं ऐकू नका. प्रमाणित मोटार पॉलिसीत विमाधारकाने वाहन सुरक्षित ठेवण्यासाठी सर्व वाजवी काळजी घ्यावी, अशी अट असते. चावी गेल्याचं माहीत असून गाडी तशीच उभी ठेवली, तर कंपनी नेमकी हीच अट पुढे करते. तेव्हा आजच ईमेल करा : पॉलिसी क्रमांक, एफआयआरची प्रत, चावी चोरीला गेली आहे, अमुक तारखेला वर्कशॉपमध्ये ती रद्द करून घेत आहे. कळवायला उशीर झालाच असेल तर घाबरू नका. पोलिसांत ताबडतोब गुन्हा नोंदवला असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवल्याच्या कारणावरून वाहनचोरीचा दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात म्हटलं आहे. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी (फक्त इतरांच्या नुकसानभरपाईची) आहे का, तेही बघून घ्या. तिच्यात चोरीचं संरक्षणच नसतं. नव्या चावीचा खर्च मूळ पॉलिसीतून बहुधा मिळत नाही, कारण ती वाहन आणि वाहनावर असलेल्या ॲक्सेसरीजपुरती असते आणि तुमची चावी घरात होती. त्यासाठी की रिप्लेसमेंटचं ॲड-ऑन घेतलेलं असावं लागतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ॲड-ऑनची यादी असते, ती वाचा.

चावी बदलायचं काम करताना लोक हमखास अर्धवट काम करून येतात. नवी चावी करून घेतात, पण जुनी रद्द करत नाहीत. इमोबिलायझर (ओळखीच्या चिपशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत चावीतल्या चिपचा कोड गाडीच्या मेमरीत नोंदलेला असतो. नवी चावी नुसती वाढवली तर चोराकडची जुनी चावीही इंजिन सुरू करतच राहते. वर्कशॉपला स्पष्ट सांगा : मेमरीतल्या सगळ्या चाव्या पुसा आणि हातात असलेल्याच पुन्हा नोंदवा. त्यासाठी तुमच्याकडची शिल्लक चावी सोबत न्या, नाहीतर तीही बाद होईल. रिमोटची जोडणी काही गाड्यांत चिपपेक्षा वेगळी असते, ती वेगळी पुसावी लागते. आणि हे सगळं करूनही चावीचं धातूचं पातं दार उघडतंच. ते बंद करायचं तर दाराचा आणि इग्निशनचा लॉक सेट बदलावा लागतो. निदान ड्रायव्हरच्या दाराचं बॅरल (चावी जिथे घालतो तो भाग) तरी बदला. नव्या गाडीबरोबर मिळालेला चावीच्या नंबरचा छोटा बिल्ला त्याच ड्रॉवरमध्ये होता का, आठवून पाहा. त्या नंबरावरून चावी कापता येते. तोही गेला असेल तर लॉक सेट बदलणं टाळू नका, आणि बिल्ल्याचा उल्लेख पुरवणी जबाबात करा.

जॉब कार्डवर ‘की प्रोग्रामिंग’ एवढंच लिहून आणू नका. आधी किती चाव्या नोंदलेल्या होत्या, किती पुसल्या, आता किती आहेत आणि काम कोणत्या तारखेला झालं, हे लिहून घ्या. वाजवी काळजी घेतल्याचा तुमचा पुरावा तोच. चावीची ऑर्डर येईपर्यंत गाडी दुसरीकडे हलवा, स्टिअरिंग लॉक किंवा गिअर लॉक लावा. गाडी दिवसचे दिवस उभीच राहणार असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.

आरसीची दुय्यम प्रत नमुना २६ भरून मिळते. गाडीवर कर्ज असेल तर त्याच अर्जावर बँकेची सही लागते. तोवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी दाखवा, ती ग्राह्य आहे. आरसीवर तुमचा पत्ता आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे गाडी हलवली तरी घराचं दार चोराला ठाऊक आहेच.

आता ते दार. पंचनामा आणि ठशांचं काम झाल्याशिवाय तुटलेल्या कोयंड्याला हात लावू नका. दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असल्याने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी येणं अपेक्षित आहे. ही तरतूद लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली आहे, पण मागणी लेखी करायला काही अडत नाही. घराचा विमा असेल तर सर्व्हेअरसाठीही तोच तुटका कोयंडा पुरावा असतो. रात्र काढायची तर तो जागेवर ठेवून दुसऱ्या उंचीवर नवा कोयंडा बसवा, फोटो काढा आणि कंपनीला मेल करा की दुरुस्ती थांबवता येत नाही. काढलेले तुकडे पोलिसांनी जप्त केले नाहीत तर पिशवीत घालून जपून ठेवा.

लॅच का बदलायचं, याचं कायदेशीर कारण फार कमी लोकांना माहीत असतं. चोरलेल्या चावीने कुलूप उघडून शिरणं ही न्याय संहितेच्या कलम ३३० च्या व्याख्येत घरफोडीच आहे. विम्याच्या करारात मात्र ‘बर्गलरी’साठी बहुधा जबरदस्तीने, मोडतोड करून केलेला प्रवेश लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय चंदनलाल प्रकरणात पॉलिसीचे शब्द तसेच वाचले आणि मोडतोड नसलेल्या चोरीचा दावा नाकारला. म्हणजे चोर तुमच्याच चावीने परत आला, तर गुन्हा नोंदेल, पण घराच्या विम्याचे पैसे अडतील.

मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत बसवलेलं) असेल तर अख्खं लॉक बदलायची गरज नाही, चावी घालायचा सिलिंडर बदलला तरी चालतं. दाराच्या कडेवर सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो. तो काढायचा, चावी किंचित फिरवायची म्हणजे आतली जीभ सरळ होते आणि सिलिंडर बाहेर सरकतो. मधल्या स्क्रूपासून आतली आणि बाहेरची लांबी वेगवेगळी मोजा. बाहेरचं टोक प्लेटच्या वर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आलं तर पकडीने मोडता येतं. साधी नाइट लॅच मात्र अख्खी बदला आणि जोडीला डेडबोल्ट (चावीनेच सरकणाऱ्या सरळ जिभेचं लॉक) बसवा. तिरप्या जिभेचं लॅच नुसतं ओढून घेतलं तर पातळ पट्टीने सरकवता येतं. कोयंडा स्क्रूने बसवू नका. दारातून आरपार जाणारे गोल डोक्याचे बोल्ट घाला, नट आतल्या बाजूला. तुमच्याकडे कुलूप तुटलं नाही, कोयंडा उखडला. बहुतेक घरफोड्यांत हेच होतं आणि लोक मात्र आणखी जाड कुलूप घेऊन येतात. ग्रिलमध्ये वीजप्रवाह सोडायचं कुणी सुचवलं तर चुकूनही ऐकू नका. माणूस दगावला तर आरोपी तुम्ही व्हाल.

घरमालकांच्या हरकतीत थोडं तथ्य आहे. लिव्ह-लायसन्समध्ये जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो, तुम्हाला फक्त वापराची परवानगी असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्ये पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करायची आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करायची सोय आहे. ती भाडेकरूला आहे. लायसन्सीने (लायसन्सवर राहणाऱ्याने) तिच्यावर विसंबून परस्पर भाडं कापू नये. पण म्हणून चोराकडे चावी असलेल्या दारामागे राहायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. आधी करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा, मग मालकांना व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हींवर कळवा : चावी चोरीला गेली आहे, अमुक वेळी सिलिंडर बदलत आहोत, जुना सिलिंडर जागा सोडताना परत बसवून देऊ, नव्याची एक चावी पाकिटात बंद करून तुमच्याकडे देतो. खर्चाचा वाद नंतर मिटवता येतो. मालक तरीही नाही म्हणाले तर तो नकार लेखी मागा. सहसा कोणी देत नाही.

सोसायटीच्या सीसीटीव्हीसाठी आजच्या आज लेखी अर्ज द्या, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. नुसती क्लिप मोबाइलवर घेऊन भागत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तपास अधिकाऱ्यांना डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) ताब्यात घ्यायची विनंती करा.

चोर सापडला आणि जुडगा हस्तगत झाला, तर तो मुद्देमाल म्हणून जमा होईल. दागिने-लॅपटॉप परत मिळण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. वस्तूंचे फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन त्या लवकर परत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलं आहे. कारच्या चावीसाठी मात्र जप्ती पंचनाम्याची प्रमाणित प्रत घ्या आणि विमा कंपनीला पाठवा. ती चावी पुढे परत मिळाली तरी गाडीत पुन्हा नोंदवू नका.