कलेतल्या प्राण्यांचे अर्थ ठरलेले असतात का?

घोडा म्हणजे वेग, सिंह म्हणजे सत्ता, साप म्हणजे मृत्यू अशी पक्की यादी कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय; तिच्यावरून जुनी शिल्पं आणि आजची चित्रं दोन्ही समजून घ्यायची आहेत. अशी यादी उत्तम चालते ती जैन मूर्तींत. तीर्थंकर दिसायला जवळपास सारखे, म्हणून पीठावरचं लांछन, म्हणजे ओळखीचं चिन्ह, बघायचं: बैल असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर. इतरत्र यादी हातात धरून गेलात तर समोरचं चित्र निसटेल.

नुसता घोडाच घ्या. आम्ही इंदूरचे मराठी, त्यामुळे माझा पहिला घोडा देवघरातल्या खंडोबाच्या टाकावरचा. कुणीही त्याला पराक्रमाचं चिन्ह म्हणेल. पण कथेत तो पांढरा घोडा मणी दैत्याचा. हरल्यावर त्याने तो देवाला दिला आणि देवाजवळच जागा मागून घेतली. म्हणजे त्या घोड्यात शरण आलेला शत्रूही आहे, आणि मला तोच अर्थ मोठा वाटतो.

सांचीच्या मोठ्या स्तूपाचं पूर्वेकडचं तोरण, म्हणजे कोरीव दगडी प्रवेशद्वार, जरूर बघा. सुमारे २००० वर्षांपूर्वीचं काम. मधल्या तुळईवर सिद्धार्थ घर सोडून निघालाय, पण तो स्वतः कोरलेलाच नाही. एकच घोडा पुन्हा पुन्हा दिसतो, पाठ रिकामी आणि वर छत्र. उजव्या टोकाला छत्राखाली फक्त पावलं उरतात. खालून तोच घोडा कपिलवस्तूकडे परततो, तेव्हा त्याच्यावर छत्र नाही. सबंध गृहत्याग त्या रिकाम्या पाठीने सांगितलाय!

बैलाचंही तसंच. होळकरांच्या तांब्याच्या नाण्यांवर बसलेला बैल आहे. शिवभक्तांच्या राज्यात त्याच्यात नंदी दिसणारच. आणि पिकासोच्या १९३७ च्या 'गेर्निका' या चित्रात? तिथला बैल म्हणजे क्रौर्य आणि अंधार, घोडा म्हणजे लोक, असं पिकासोनेच नंतर एका मुलाखतीत सांगितलं.

आता चित्रकार एम. एफ. हुसेन. जन्म पंढरपूरचा, पण वाढले इंदुरात, देवळालीकरांच्या चित्रशाळेत शिकले. त्यांच्या घोड्यांना सरसकट ताकद आणि वेग म्हणून मोकळं होतात, याचं मला फार वाईट वाटतं. १९५२ साली चीनमध्ये पाहिलेल्या घोड्यांचा त्यांच्यावर परिणाम झाला, हे खरंच. पण त्याच्या कितीतरी आधी, लहानपणी, त्यांनी मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल नावाचा घोडा पाहिला होता. करबलाच्या लढाईत इमाम हुसेन मारले गेले, त्यांच्या मागे राहिलेल्या घोड्याची ती आठवण. चित्रकार हुसेनच्या कितीतरी घोड्यांवर स्वार नाही, लगाम नाही, माना मागे ताणलेल्या, तोंडं उघडी. दुलदुल ठाऊक असलेल्या माणसाला त्यात आधी शोक दिसतो, वेग नंतर.