उत्तर: लहान आतड्याचा कॅन्सर तिखटानं होतो का?

खानापूर तालुक्यातल्या एका सदस्यांनी विचारलंय ते थोडक्यात असं. त्यांचे काका ४९ वर्षांचे. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये गाठ निघाली, बायोप्सीत अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे आतड्याच्या अस्तरातून उठणारा कॅन्सर, आला, मोठं ऑपरेशन झालं, आता केमो चालू व्हायचीय. घरात तिखट बंद, मटण बंद, चहासुद्धा बंद. वर काकूंना येणारा-जाणारा ऐकवतोय, की तुझ्या हातच्या झणझणीत कालवणानंच हे झालं. त्यांना विचारायचंय, हा रोग खाण्यानं होतो का, आम्ही काय सोडायचं, आणि घरातल्या बाकीच्यांनी तपासून घ्यायचं का. जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की आजोबा ‘पोटातल्या गाठीनं’ गेले आणि आत्याची पिशवी चाळिशीतच काढली. माझ्या मते अख्ख्या प्रश्नात वजनदार ओळ तीच आहे. तिच्याकडं येतेच.

मी बेळगावात सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही. पण या आजाराचे पेशंट आणि त्यांची घरं, दोन्ही जवळून पाहिलीत.

आधी काकूंची सुटका करू. मिरचीनं लहान आतड्याचा कॅन्सर होतो याला पुरावा नाही. तिखटानं जळजळ होईल, ज्याला अल्सर आहे त्याला त्रास होईल, मूळव्याध असेल तर सकाळी देव आठवतील. पण गाठ ही निराळी गोष्ट. संकेश्वरी मिरचीचं वर्षाचं तिखट आपल्याकडं घरोघरी कुटून ठेवतात. तेच कारण असतं तर हा रोग गल्लीगल्लीत दिसला असता. तो तर इतका दुर्मीळ, की अमेरिकेसारख्या देशात वर्षाला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे दीड लाखांवर नवे पेशंट निघतात आणि लहान आतड्याचे जेमतेम बारा-चौदा हजार.

यातली गंमत अशी की लहान आतडं सहा मीटरच्या आसपास लांब, पचनमार्गाचा सगळ्यात मोठा भाग तोच. आपण खाल्लेलं सगळं तिथूनच जातं, तरी कॅन्सर तिथं कमी. तिथला माल पातळ असतो आणि भराभर पुढं सरकतो, त्यामुळं आतड्याच्या अस्तराला फार वेळ चिकटून राहत नाही. मोठ्या आतड्याच्या मानानं जंतूही तिथं फार कमी. शिवाय रोगप्रतिकारक पेशींचा पहारा कडक. ड्युओडेनम फक्त २५ सेंटीमीटरचं, पण लहान आतड्यातल्या अॅडिनोकार्सिनोमांपैकी निम्म्याहून जास्त तिथंच होतात. पित्त तिथंच येऊन मिसळतं, त्याचा यात हात असावा असं मानतात. आणखी एक लक्षात ठेवा, लहान आतड्यातला प्रत्येक कॅन्सर एकच नसतो. अॅडिनोकार्सिनोमा, कार्सिनॉइड म्हणजे न्यूरोएंडोक्राइन गाठी, लिम्फोमा म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, आणि जिस्ट म्हणजे आतड्याच्या भिंतीतली गाठ, ही चार वेगळी प्रकरणं आहेत. ‘अमक्याला पण लहान आतड्याचाच होता, त्यानं अमुक सोडलं आणि बरा झाला’ असं कुणी सांगितलं तर आधी यातला कुठला होता ते विचारा.

आता खाण्याचं. रोगच दुर्मीळ, त्यामुळं अभ्यास करायला माणसं मिळत नाहीत. अमेरिकेत १९९५-९६ पासून पाच लाखांच्या आसपास लोकांच्या खाण्याची नोंद ठेवून पुढं वर्षानुवर्षं पाहिलं. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. धान्यातला तंतू आणि अख्खं धान्य जास्त खाणाऱ्यांत लहान आतड्याचा कॅन्सर कमी दिसला. लाल मांसाचा ठाम संबंध मिळाला नाही. संपृक्त चरबी, म्हणजे लोणी-तूप-मांसाची चरबी, जास्त खाणाऱ्यांत कार्सिनॉइड गाठी जास्त दिसल्या, अॅडिनोकार्सिनोमा नाही. त्याआधी १९९३ मध्ये तिथलाच एक छोटा अभ्यास आला होता. त्यात लाल मांस आणि खारवलेलं, धुरावलेलं खाणाऱ्यांत धोका दुप्पट-तिप्पट निघाला. पण तिथं पेशंट वारल्यावर नातेवाइकांना विचारलं होतं, की ते काय खायचे. आता पेशंटच्या ताटाबद्दल दुसरी माणसं काय काय सांगतात ते तुमच्या घरात चाललंयच.

दारू आणि वजनाबद्दल आशियातल्या पाच लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये एक विश्लेषण झालं. इतक्या लोकांत लहान आतड्याचे पेशंट दीडशेसुद्धा नव्हते. जाड माणसांत आणि आठवड्याला ४०० ग्रॅमच्या वर मद्यार्क घेणाऱ्यांत धोका थोडा जास्त दिसला, पण पक्कं म्हणावं इतका नाही. ४०० ग्रॅम म्हणजे साठ मिलीचे वीस पेग. चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा, त्यामुळं हा हिशोब आपल्याकडं काहींना फार मोठा वाटणार नाही! सिगारेटचा संबंध त्यात दिसला नाही. पण म्हणून निपाणीच्या तंबाखूला कुणी प्रशस्तिपत्र समजू नये. तोंड, घसा, फुप्फुस, अन्ननलिका, स्वादुपिंड, एवढ्या ठिकाणी तो काय करतो ते मी वॉर्डात पाहिलंय.

मग घरच्यांनी काय करायचं? जोंधळ्याची भाकरी, नाचणा, उसळी, पालेभाजी आपल्याकडं होतीच. ती मागं पडून मैद्याचा पाव आणि बेकरीचा माल पुढं आला, तेवढं उलटं करा. अमेरिकेतल्या त्या अभ्यासात जोंधळा नव्हता, गहू-ओट होते, पण तंतू तो तंतूच. रविवारचं मटण बंद करायचं कारण मला दिसत नाही. सॉसेज, सलामी असलं प्रक्रिया केलेलं मांस मात्र रोजच्या खाण्यात नको. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते कॅन्सरकारक ठरवलंय, जरी तो पुरावा मोठ्या आतड्याचा असला तरी. खारा बांगडा अधूनमधून तोंडी लावायला घेतला तर मी काही बोलणार नाही. कुंदा-करदंटासारखं गोड सणावारी. दारू जितकी कमी तितकी बरी. चहा सुरू करा, त्याचा यात काही गुन्हा नाही.

एक सूचना. आजकाल कुणीही उठून गहू बंद करतंय. सीलिएक नावाचा आजार असेल तर गव्हातल्या ग्लुटेननं लहान आतड्याला इजा होते आणि पुढं लिम्फोमा, अॅडिनोकार्सिनोमा दोन्हींचा धोका वाढतो. त्या माणसानं गहू जन्मभर सोडायलाच हवा. हा आजार उत्तर भारतात जास्त, आपल्याकडं दक्षिणेला कमी. शंका असेल तर टीटीजी ही रक्ताची तपासणी गहू खात असतानाच करायची. आधी गहू सोडून मग तपासलं तर रिपोर्ट फसवा येतो.

काकांचं खाणं हा मात्र वेगळा विषय. वर लिहिलेलं भाकरी-उसळीचं त्यांना आत्ताच लावू नका. ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचा तुकडा गेला असेल (त्या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात) तर पहिले काही आठवडे मऊ भात, पेज, आंबोळी, अंडं, साधं वरण, उकडलेला मासा असं थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. पेरू, उसाचं कांडं, मक्याचं कणीस नको, चोथा अडकतो. अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या पहिल्या घासाबरोबर आणि जेवताना घ्यायच्या. जेवण झाल्यावर आठवण आली म्हणून घेतल्या तर अन्न पुढं निघून गेलेलं असतं. संडास तेलकट, तरंगणारी होत असेल तर डोस कमी पडतोय असं डॉक्टरांना सांगा. साखर तपासत राहा. मटण सोडवून माणसाला नुसत्या भाताच्या पाण्यावर ठेवलंत तर केमो झेपणार नाही, प्रथिनं लागतात. केमोच्या काळात गाड्यावरचा उसाचा रस आणि चिरून ठेवलेली फळं मात्र सक्त बंद.

आता ज्यानं माणसं खरी उशिरा येतात ते सांगते. बरेच पेशंट पोट दुखतंय म्हणून येत नाहीत, दमतोय म्हणून येतात. हिमोग्लोबिन सात. गावात टॉनिक दिलेलं असतं, बिटाचा रस, गूळ-शेंगदाणे, कुणी कृमीची गोळी दिलेली. थोडं वाढतं, पुन्हा उतरतं. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर रक्त कुठून गळतंय ते शोधायलाच हवं. काळी संडास विचारली तर लोक ‘लोहाच्या गोळीनं होते’ म्हणून सोडून देतात. गोळीनं होते ती काळी-हिरवट, घट्ट. रक्ताची असते ती डांबरासारखी, चकचकीत, चिकट, पाणी ओतलं तरी भांडं सोडत नाही, आणि तिचा वास एकदा आला की आम्ही वॉर्डाच्या दारातूनच ओळखायचो. अशी झाली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आणि ‘एंडोस्कोपी नॉर्मल, कोलोनोस्कोपी नॉर्मल’ म्हणजे सगळं नॉर्मल असं नाही. तोंडातून जाणारी नळी नेहमीच्या तपासणीत ड्युओडेनमच्या दुसऱ्या भागापर्यंत पोचते, खालून जाणारी लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटीमीटरपर्यंत. मधले कित्येक मीटर कुणी पाहिलेलेच नसतात. त्याला सीटी एंटरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा खास सीटी स्कॅन, असते, त्याआधी लिटरभराहून जास्त पाणी-औषध प्यावं लागतं. नाहीतर कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे गोळीएवढा कॅमेरा गिळायचा. आतडं कुठं अरुंद झालं असेल तर तो कॅमेराच अडकतो, त्यामुळं ते आधी बघतात. आपल्या भागात आणखी एक अडचण, पोटाचा टीबी. वजन उतरणं, पोट दुखणं, ताप, आतडं आवळलेलं, स्कॅनवर टीबी आणि कॅन्सर दोन्ही सारखेच दिसू शकतात. तुकडा न काढता टीबीच्या गोळ्या चालू केल्या असतील आणि दोन-तीन महिन्यांत फरक नसेल, तर ‘कोर्स तरी पुरा करू’ म्हणत बसू नका, पुन्हा तपासा.

आता आजोबा आणि आत्या. पन्नाशीच्या आत लहान आतड्याचा अॅडिनोकार्सिनोमा, वडिलांना पोटातली गाठ, बहिणीची गर्भपिशवी चाळिशीत काढलेली. हे ऐकून माझ्या डोक्यात लिंच सिंड्रोम येतो. घराण्यात उतरणारा दोष आहे हा. त्यात मोठं आतडं, गर्भाशय, लहान आतडं, अंडाशय, जठर यांचे कॅन्सर तरुण वयात होतात. आई-बापापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी. आपल्याकडं पिशव्या कशाकशासाठी काढतात ते माहीतच आहे, त्यामुळं नुसतं ‘काढली’ यावरून काही ठरत नाही. आत्याला नीट विचारा, का काढली, तुकड्याचा रिपोर्ट आहे का, कुठल्या दवाखान्यात. आजोबांची गाठ आतड्याची होती, जठराची की लिव्हरची, तेही वडीलधाऱ्यांना विचारा. मोठ्या आतड्यात शेकड्यानं गाठी होण्याचा एक वेगळा आनुवंशिक आजार आहे, त्यात तर ड्युओडेनमवर कायम लक्ष ठेवावं लागतं. ओठांवर काळे ठिपके आणि आतड्यात गाठी असणारा तिसरा. क्रोन्स म्हणजे आतड्याला वरचेवर सूज येण्याचा जुना आजार कुणाला असेल तर तोही डॉक्टरांना सांगा.

सगळ्या घरानं लगेच जाऊन सीटी काढायची गरज नाही. तपासणी काकांच्या गाठीपासून सुरू होते. पॅथॉलॉजीत गाठीचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये जपून ठेवलेले असतात, त्यावर एमएमआर नावाची प्रथिनं तपासतात. ती गायब निघाली तर पुढं रक्ताची जनुक तपासणी, आधी काकांची, मग त्यांच्या मुलांची आणि भावंडांची. ज्यांच्यात दोष सापडेल त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून, दर एक-दोन वर्षांनी. ज्यांच्यात नाही ते मोकळे. या तपासणीचा काकांनाही उपयोग आहे, केमोऐवजी किंवा नंतर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारं औषध, चालेल का ते त्यावरूनच कळतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरचं वेगळं काम चालतं, लागलं तर तिथं जाता येईल.

तेव्हा केमोच्या पहिल्या फेरीला जाताना डॉक्टरांना विचारा, ‘एमएमआर तपासलंय का?’ नसेल तर करायला सांगा. ब्लॉक आणि तुकड्याच्या काचा (स्लाइड) बाहेर न्यायच्या असतील तर पॅथॉलॉजीत अर्ज देऊन मागता येतात. त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतोय ना ते तिथं खिडकीवर उभं राहूनच बघून घ्या, आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.