रानफुलांच्या क्लोजअपसाठी मॅक्रो लेन्स घ्यावी की एक्स्टेन्शन ट्यूब?

५० मिमीची लेन्स हाताशी आहे आणि रानफुलं, सुकलेली बोंडं टिपायचीत, तर ट्यूबच घ्या. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये ती बसते; आत काच नसते, नुसती पोकळ कडी. लेन्स सेन्सरपासून लांब जाते, म्हणून जवळचं फोकस होतं.

पण तुम्ही पुढे विचारलंय, 'दवाचे थेंब दिसावेत म्हणून स्प्रेची बाटली न्यावी का?' उत्तर लिहायला बसले ते याच्यासाठी.

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात आमच्या ग्रुपबरोबर कासला गेले होते. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीची बोटभर उंचीची रोपं होती. तांबूस केसांच्या टोकाला एकेक थेंब. ते दव नव्हेच, किडे पकडायचा चिकट डिंक आहे तो. म्हणून तर उन्हातही लखलखतो. एका पानाला बारीकशी माशी चिकटली होती, तिचा एक पाय अजून हलत होता. मी अर्धा तास पोटावर पडून वारा थांबायची वाट बघत होते. तेवढ्यात ग्रुपमधले एक ज्येष्ठ आले, 'सरक जरा' म्हणाले आणि पाण्याचे चार फवारे मारले. डिंक धुतला गेला, माशीही गेली. ते फोटो काढून उठले तेव्हा त्यांच्या कोपराखाली सीतेची आसवं, ती इवली जांभळी फुलं, चिरडलेली. २०१२ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या पठारावर हे!

पुढे प्रदर्शनात तोच फोटो लागला, खाली 'पहाटेचं दव'. फोटो काढला तेव्हा साडेअकरा वाजले होते. मी बोलले, तर उत्तर मिळालं, 'फोटो चांगला आलाय ना?' नाही आलेला. दवबिंदूचा फोटो काढायला जायचं आणि त्याचाच थेंब पुसायचा, याला मी फोटोग्राफी म्हणत नाही. आजही म्हणणार नाही.

बोंडांसाठी नोव्हेंबरात जा, गर्दी ओसरलेली असते. सोनकीच्या पिवळ्या फुलांच्या तेव्हा पांढऱ्या म्हाताऱ्या (उडणाऱ्या केसाळ बिया) झालेल्या असतात. कोवळं ऊन त्यांच्या पाठीमागून येऊ द्या आणि त्यामागे काळी छत्री उघडून ठेवा, एकेक केस सुटा दिसतो. एकास एक मोठेपणाला, म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटते तेव्हा, लेन्सचं भोक एफ/८ इतकं बारीक केलं तरी जेमतेम एक मिलिमीटर खोली फोकसमध्ये राहते. म्हणून जो भाग स्पष्ट हवा, त्याला कॅमेरा समांतर धरा. तेरड्याचं पिकलेलं बोंड मात्र लांबूनच घ्या. धक्का लागला की तडकतं, सालीच्या पट्ट्या गुंडाळतात, बिया उडतात. तोडून घरी आणून टेबलावर फोटो काढायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. यातली बरीचशी रोपं एका पावसाळ्याची असतात, पुढच्या वर्षीची फुलं त्याच बियांत आहेत.

एक राहिलं. ट्यूब लावल्यावर लेन्स फुलाच्या फार जवळ न्यावी लागते. आपलीच सावली पडते, किडे उडून जातात. किडेही टिपायचे असतील तर थोडं लांबून क्लोजअप देणारी १०० मिमीची मॅक्रो लेन्सच बरी. आणि ट्यूब इलेक्ट्रॉनिक संपर्क असलेलीच बघा, नाहीतर बऱ्याच लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे ते भोक, कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.